यंदाच्या सभेत घराच्या विम्याचा विषय घ्या : मराठवाड्यातील सोसायट्यांना आणि अपार्टमेंट असोसिएशनना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
मराठवाड्यातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था व अपार्टमेंट असोसिएशन

स. न. वि. वि.

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका बहुतेक ठिकाणी ठरलेली असते : मागच्या सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, लेखापरीक्षकाची नेमणूक, थकबाकी, रंगकाम, पार्किंग. यंदा त्यात एक विषय वाढवा, ही माझी विनंती आहे. इमारतीचा विमा आणि प्रत्येक घरातल्या सामानाचा विमा. तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीत टाकू नका, तोवर अर्धे लोक उठून गेलेले असतात. जमाखर्चाला लागूनच घ्या.

३० सप्टेंबर या तारखेबद्दल आपल्या भागात कुणाला काही सांगायची गरज नाही. १९९३ साली गणपती विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यांनुसार लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ७,९२८ माणसे गेली. त्या पहाटेपर्यंत हा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा समजला जात होता. अलीकडचे सांगायचे तर २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोलीत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. ‘आपली बिल्डिंग आरसीसी आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकले आहे. किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनी माणसे गाडली, हे खरे. पण स्लॅबची इमारत भूकंपात टिकणार की नाही, हे तिच्या डिझाइनवर, आतल्या सळईवर आणि सिमेंटवर अवलंबून असते, आणि ते आपण कुणी उघडून पाहिलेले नसते.

मी सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात, नुकसानीचे सर्व्हे करण्यात नोकरीची वर्षे काढली. जळालेली स्वयंपाकघरे पाहिली, पुराचे पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ मोजली. त्या सगळ्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकला : ‘साहेब, सोसायटीचा विमा आहे ना, त्यात आमच्या घरातलं पण येईल ना?’ बहुतेक वेळा मला नाही म्हणावे लागले. आणि बऱ्याच इमारतींत तर हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण तिथे सोसायटीचाही विमा नव्हता.

मराठवाड्यात विमा हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खरीप २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा गावोगाव सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. नुकसान झाले की ७२ तासांत कळवायचे, पंचनाम्याला बांधावर हजर राहायचे, महसूल मंडळाचे पर्जन्यमान काय नोंदले गेले ते पाहायचे, हे त्या योजनेत आपल्या शेतकऱ्याला पाठ झाले. त्याच घरातला मुलगा बीड बायपासला, औसा रोडला किंवा तरोडा नाक्याला फ्लॅट घेतो. वीस वर्षांचे कर्ज काढतो. कुटुंबाने आजवर घेतलेली ती सर्वांत महाग वस्तू असते. सोयाबीनला विमा असतो आणि त्या फ्लॅटला नसतो.

यात बँकेमुळे झालेला एक गैरसमज भर घालतो. कर्ज घेताना हप्त्यात मिळवून एक पॉलिसी दिली जाते आणि माणूस समजतो की घराचा विमा झाला. ती पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याची पॉलिसी असते. कर्जदार गेला तर उरलेले कर्ज फिटते, ही चांगलीच सोय आहे. पण घर जळाले, बुडाले, कोसळले तर त्या पॉलिसीतून काहीही मिळत नाही आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. सभेत एवढे जरी सांगितलेत, आणि प्रत्येकाला आपापली कर्जाची फाइल काढून पाहायला लावलेत, तरी सभा कारणी लागली असे मी म्हणेन.

दुसरा भरवसा सरकारचा असतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना, मांजरा, सिंदफणा पात्राबाहेर आल्या, भूम-परंड्यापासून बीडपर्यंत गावे पाण्याखाली गेली, जायकवाडीच्या विसर्गाने पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठ जागा राहिला. सरकार मदत देते आणि दिलीच पाहिजे. पण ती केवढी, हेही माहीत असू द्या. आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत, सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या पक्क्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवले होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५००. राज्य सरकार कधी त्यात भर घालते. तरीही हा आधार पहिल्या आठवड्याच्या चुलीपुरता असतो. त्यातून फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, कपाटे, मुलांचा लॅपटॉप परत येत नाही.

आता कायद्याचे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे संस्था चालवण्याच्या नमुना नियमांत, संस्थेने आपल्या इमारतीचा आग आणि भूकंप यांच्यापासून विमा उतरवलाच पाहिजे असे आहे. त्याचा खर्च सभासदांकडून घ्यायच्या शुल्कात धरलेला आहे आणि तो फ्लॅटच्या बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचा आहे. म्हणजे हा समितीच्या मर्जीचा विषयच नाही. सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के दरवर्षी जमा करायचा, हे आपण ऑडिटच्या भीतीने का होईना पाळतो. विमा त्याच उपविधींत लिहिलेला असून राहून जातो.

आपल्याकडे, विशेषतः छत्रपती संभाजीनगरात, पुष्कळ इमारती सोसायटी म्हणून नोंदलेल्याच नाहीत. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली आहेत, बिल्डरने डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणणारा दस्त, करून दिलेले आहे. त्या असोसिएशननी मुद्दाम लक्ष द्यावे. डिक्लरेशनमध्ये किंवा उपविधींत तसे असेल, किंवा बहुसंख्य फ्लॅटधारकांनी मागणी केली, तर व्यवस्थापक मंडळाने संपूर्ण मालमत्तेचा विमा उतरवायचा आहे आणि हप्ता सामाईक खर्चात धरायचा आहे, असे त्या कायद्यात आहे. आणि असा विमा असला तरी आपल्या अपार्टमेंटचा वेगळा विमा स्वतःसाठी उतरवायचा प्रत्येक मालकाचा हक्क अबाधित राहतो, हेही त्याच कायद्यात आहे. इमारतीचा विमा सगळ्यांनी मिळून आणि आपल्या घरचा ज्याने त्याने, ही विभागणी कायद्याने १९७० मध्येच करून ठेवली आहे.

याच कायद्यातली आणखी एक तरतूद सभेत मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. इमारतीचे नुकसान झाल्यावर ६० दिवसांत असोसिएशनने ती दुरुस्त करायचे किंवा पुन्हा बांधायचे ठरवले नाही, तर सगळी मालमत्ता अविभक्त हिश्श्याने सर्वांच्या सामाईक मालकीची समजली जाते आणि कोणीही एक मालक वाटपाचा दावा लावू शकतो. हाती पैसा नसेल तर साठ दिवसांत कोणती सभा पुनर्बांधणीचा ठराव करील?

काही सभासद म्हणतात, ‘मी माझ्या फ्लॅटचा विमा काढलाय, सोसायटीचं सोसायटी बघेल.’ त्यांना हे समजावून सांगायला हवे. चोवीस फ्लॅटच्या इमारतीत तिघांनीच विमा काढला आणि इमारत भूकंपात गेली, तर त्या तिघांना पैसे मिळतील, पण बांधणार काय? पाया, कॉलम, जिना, गच्ची, पाण्याच्या टाक्या यांच्यावर एकट्याची मालकी नाही. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट हवेत उभा राहत नाही. म्हणून इमारतीचा विमा एकच, सगळ्यांचा मिळून, पूर्ण रकमेचा हवा. आणि त्यात काय काय येते ते पॉलिसीत लिहून घ्यायला हवे : लिफ्ट, पंप, जनरेटर, सोलर पॅनेल, कंपाउंड वॉल, सीसीटीव्ही, क्लब हाउस. लिफ्टमधून जाणाऱ्यांसाठी त्रयस्थ पक्ष विमा हा वेगळा असतो. २०१७ च्या राज्याच्या लिफ्ट कायद्यात तो सांगितलेला आहे. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार म्हणजे तो विमा नव्हे.

पूर्ण रक्कम म्हणजे किती, यावर सभेत हमखास वाद होतो. ‘माझा फ्लॅट ४५ लाखांचा आणि विमा साडेसतरा लाखांचा का?’ कारण ४५ लाखांत जमीन आहे, जागेचा भाव आहे, बिल्डरचा नफा आहे. जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. विमा पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा असतो. समजा कार्पेट क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, ७० चौरस मीटर आहे आणि बांधकामाचा आजचा खर्च चौरस मीटरला २५ हजार रुपये, तर रक्कम साडेसतरा लाख होते. उलटी गडबड जास्त वाईट. पंधरा वर्षांपूर्वीची रक्कम दरवर्षी तशीच पुढे ओढलेली असते. खरा खर्च १० कोटींचा, विमा ६ कोटींचा, आणि नुकसान ५० लाखांचे, अशा वेळी जुन्या धाटणीच्या पॉलिसीत सरासरीचे कलम (विमा जेवढा कमी, त्याच प्रमाणात भरपाई कमी) लागते आणि हातात ३० लाख येतात. उरलेले २० लाख सभासदांच्या खिशातून. हप्त्यात वाचवलेले चार पैसे तिथे कुठल्या कुठे जातात.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक केले. तिच्यात हे सरासरीचे कलम काढून टाकले आहे. मला ही पॉलिसी मनापासून चांगली वाटते, कारण तिची भाषा साधी आहे आणि कंपनी बदलली तरी मूळ मजकूर बदलत नाही. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, वाहन आदळणे, दंगल, दहशतवादी कृत्य हे धोके तिच्यात आहेत. ती एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि एका वर्षाहून जास्त मुदतीची असेल तर विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. घर राहण्याजोगे उरले नाही तर दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी घराचे भाडेही धरलेले आहे. आणि इमारतीचा विमा काढला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला, यादी न देताही, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण मिळते, कमाल १० लाख रुपये. वरच्या उदाहरणात ते साडेतीन लाख होते. जास्त हवे असेल तर यादी देऊन वाढवून घेता येते.

तिच्या धोक्यांच्या यादीतला एक धोका मराठवाड्यासाठीच लिहिला असावा असे मला नेहमी वाटते : पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि पाइप फुटणे किंवा भरून वाहणे. आपल्याकडे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेही अवेळी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून प्रत्येक इमारतीत तळाला हौद, गच्चीवर सोसायटीच्या टाक्या आणि त्यांच्या शेजारी ज्याने त्याने वाढवलेल्या आपापल्या टाक्या असतात. बाथरूमच्या माळ्यावर आणखी एक. जुना कपलिंग पाइप रात्री तुटतो, सकाळपर्यंत चौथ्या मजल्यावरचे पाणी तिसऱ्या मजल्याच्या पीओपीतून टीव्हीवर, सोफ्यावर, लाकडी कपाटांवर उतरलेले असते. हौद भरून वाहिला की लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जाते आणि मोटर, सेन्सर जातात. असे नुकसान भरून मिळू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पण वरच्या बाथरूममधून महिनोन्‌महिने झिरपून खालच्याच्या छताला बुरशी आली, तर ते मिळत नाही. हळूहळू होणारी झीज, ओल, बांधकामातला दोष विम्यात येत नाही. बांधकामाचा दोष असेल तर रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षे बिल्डर जबाबदार आहे, त्याच्याकडे लेखी मागा. गच्चीतून गळणारे पावसाचे पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती उपविधींप्रमाणे संस्थेने दुरुस्त करायची असते, फ्लॅटच्या आतले ज्याचे त्याने. आणि गच्चीवरच्या जादा टाक्यांचे वजन स्लॅबला झेपते का, हे स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, पाहून घ्या. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते.

आता ही पॉलिसी जे देत नाही, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या लोक तुम्हालाच बोल लावतील. साधी घरफोडी तिच्यात नाही. आग, पूर अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी आहे. दिवाळीत किंवा मेच्या सुटीत गावी गेल्यावर कुलूप तोडून चोरी झाली, तर त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे जोडून घ्यावे लागते. ते घेताना घर किती दिवस बंद राहिलेले चालते, कामवाल्या माणसाकडून झालेली चोरी धरली आहे का, पोलिसांत तक्रार कधीपर्यंत द्यायची, हे विचारून घ्या. रोख रक्कम सर्वसाधारण सामानात येत नाही. सोन्याचे दागिनेही येत नाहीत, त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण आहे. लॉकरमध्ये ठेवले म्हणजे निश्चिंत, असेही नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच आहे. आपल्याकडे लेकीच्या लग्नासाठी तोळा-तोळा करून जमवलेले सोने असते. त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

व्होल्टेज वर-खाली होऊन फ्रिज किंवा एसी जळाला तर त्या उपकरणाचे पैसे या पॉलिसीत मिळत नाहीत. त्याच्या ठिणगीने लागलेल्या आगीत बाकीचे जे जळाले ते मिळते. पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांचा या विम्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी गाडीचाच ‘स्वतःचे नुकसान’ धरणारा विमा हवा, नुसता थर्ड पार्टी चालत नाही. पाण्यात उभी असलेली गाडी चालू करू नका, एवढे पावसाळ्याआधी वॉचमनलाही सांगून ठेवा.

खाली दुकाने आणि वर घरे असलेल्या इमारतींना माझी हात जोडून विनंती आहे. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, खाली शिलाईचे दुकान असलेल्या इमारतीला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसे गुदमरून गेली. त्यांना कोणताही विमा परत आणणार नाही. म्हणून आधी जिना मोकळा करा, जिन्याखालचे मीटर आणि सामान यांच्यात अंतर ठेवा, गच्चीच्या दाराची किल्ली कुठे असते ते सगळ्यांना माहीत असू द्या. आणि मग विमा कंपनीला खरे सांगा : खाली कापड आहे, रंग आहे, गॅसची शेगडी आहे, पार्किंगमध्ये विजेच्या गाड्या चार्ज होतात. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी उघडी पडते आणि तिथे कंपनीला नकार द्यायला जागा मिळते. जोखमीच्या मालामुळे जादा हप्ता लागला तर तो त्या गाळेधारकांनीच भरायचा, असे उपविधींत आहे. त्यामुळे वरच्यांनी खालच्यांशी भांडायचे कारण नाही. अग्निसुरक्षा यंत्रणा असलेल्या इमारतींनी ती यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. ते फाइलला लावून ठेवा.

गॅसबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. घरगुती सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला असतो, ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, जखमींच्या उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेत एकूण ३० लाखांपर्यंत, आणि ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. अपघातानंतर लगेच वितरकाला लेखी कळवायचे. कनेक्शन जुन्या पत्त्यावरच असेल तर आजच बदलून घ्या, आणि रबरी नळी पाच वर्षांत बदला.

भाडेकरूंना विसरू नका. लातूरला अकरावी-बारावीसाठी आणि नीटच्या तयारीसाठी आलेल्या मुलांबरोबर आया फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात. छत्रपती संभाजीनगरात वाळूजला कामाला येणारी तरुण कुटुंबे भाड्यानेच राहतात. मालकाचा विमा त्यांच्या सामानाला लागू होत नाही. पण घर स्वतःचे नसले तरी फक्त सामानाचा विमा घेता येतो. तुम्ही भाडेकरूच्या नोंदीसाठी, पोलीस पडताळणीसाठी फॉर्म भरून घेताच. त्याच फॉर्मसोबत एका पानाची माहिती द्या.

क्लेमची वेळ आलीच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे असतात. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर पोलिसांचा एफआयआर, पूर असेल तर तलाठ्याचा पंचनामा मिळवा. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेल्या गाद्या, जळालेले फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण घाण काढून टाकायची घाई प्रत्येकाला असते आणि पुरावा त्या टेम्पोतून निघून जातो. फोटो, व्हिडिओ काढा, मग साफसफाई करा. सर्व्हेअरची फी कंपनी देते, त्याला तुम्ही एक पैसाही द्यायचा नाही. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे खबर मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तारखा लिहून ठेवा आणि त्या तारखांनिशी विचारा. आणि सामानाचे फोटो, बिले, लॅपटॉप-टीव्हीचे क्रमांक आत्ताच, घर नीट असताना काढून घरच्या दोघातिघांच्या मोबाइलवर ठेवा. जळालेल्या घरात बिलही जळते.

फ्लॅटधारकाचा वैयक्तिक क्लेम नाकारला गेला किंवा कमी मिळाला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर नाही आले किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. संस्थेच्या पॉलिसीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. १५५२५५ हा नियामकाचा निःशुल्क क्रमांक नोटीस बोर्डावर लावून ठेवा.

हप्त्यावरच्या कराचेही सांगायला हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराच्या विम्यावर तो १८ टक्के आहे. पूर आणि भूकंप सोसणाऱ्या भागातल्या माणसाने आपले घर स्वतःच्या पैशाने सुरक्षित करावे असे सरकारला वाटत असेल, तर हा कर जायला हवा. आपल्या खासदारांना तसे निवेदन संस्थेच्या लेटरहेडवर द्या. शंभर संस्थांनी दिले तर त्याचे वजन पडेल.

सभेत करायचा ठराव फार लांब नको. इमारतीच्या पुनर्बांधणीचा आजचा खर्च एखाद्या अभियंत्याकडून लिहून घ्यावा. तेवढ्या रकमेची, भूकंप आणि पूर धरलेली कोटेशन किमान तीन कंपन्यांकडून मागवावीत. हप्ता बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात मेंटेनन्समध्ये धरावा. पॉलिसीची प्रत आणि तिची मुदत संपण्याची तारीख नोटीस बोर्डावर लावावी, म्हणजे समिती बदलली तरी नूतनीकरण चुकणार नाही. आणि सामानाच्या वैयक्तिक विम्यासाठी पावसाळ्याआधी एक रविवार ठरवून सगळ्यांनी मिळून फॉर्म भरावेत. हप्ता किती येतो ते कोटेशन हातात आल्यावर आपल्या महिन्याच्या मेंटेनन्सशी ताडून पाहा. महाग वाटला तर मला जरूर लिहा, मी पॉलिसी वाचून कुठे काय कमी करता येईल ते सांगेन. या कामाचे मी काही घेत नाही आणि कोणत्याही कंपनीचा एजंट नाही.

इमारतीचे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून संस्थेच्या नावावर होणे, अजून झालेले नाही, बिल्डर दाद देत नाही, म्हणून विमा राहिला आहे, असे काही समित्या म्हणतात. बिल्डर सही करत नसला तरी होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याला वेळ लागेल. तोवर प्रत्येकाचा नोंदणीकृत करारनामा आहे, ताबा आहे. त्या आधारावर कंपनीशी आजच बोला.

आपला,
एक निवृत्त विमा सर्व्हेअर आणि फ्लॅटधारक,
छत्रपती संभाजीनगर